फिल्म रेंजफाइंडर घेताना: आधी फोकल लेंग्थ, मग लेन्स, शेवटी बॉडी

रेंजफाइंडर, म्हणजे वेगळ्या खिडकीतून बघून दोन प्रतिमा जुळवत फोकस करायचा कॅमेरा, घ्यायचं डोक्यात आलं की बहुतेक जण आधी बॉडीच्या मागे लागतात. लायकाचा एम ३ की एम ६, काळा की चंदेरी, लायका परवडत नसेल तर कॅनन चालेल का, यात महिनेच्या महिने जातात. मग उरलेल्या पैशांत बसेल ती लेन्स घेतली जाते. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, कोणतीही लेन्स लावा, तुम्ही लेन्समधूनच बघता. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी असते आणि त्या खिडकीत कोणकोणत्या लेन्सच्या चौकटी (फोटोत किती भाग येणार ते दाखवणाऱ्या रेघा) दिसणार, हे कारखान्यातच ठरलेलं असतं. म्हणजे बॉडी निवडलीत की लेन्स अर्ध्याअधिक निवडून झाल्याच, तुमच्या लक्षात येवो न येवो.

पहिल्यांदाच रेंजफाइंडर घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. शटर, अपर्चर, आयएसओ एवढं माहीत आहे असं धरून चालतो.

१. हा कॅमेरा आपल्या कामाचा आहे का, ते आधी बघा

रेंजफाइंडरमध्ये फोकस करायची पद्धत अशी: व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक छोटा उजळ चौकोन असतो, त्याला पॅच म्हणतात. पॅचमध्ये वस्तूची दुसरी, जराशी सरकलेली प्रतिमा दिसते. लेन्सची रिंग फिरवत गेलात की ती सरकत येऊन मूळ प्रतिमेवर बसते. दोन्ही एकजीव झाल्या की फोकस झाला. दाराची चौकट, खिडकीचा गज, शर्टाची कड अशी उभी रेघ सापडली तर हे काम क्षणात होतं. कोऱ्या भिंतीवर किंवा आडव्या पट्ट्यांच्या पडद्यावर मात्र दोन प्रतिमा जुळल्या की नाही, ते कळतच नाही.

आरसा नसल्यामुळे आवाज कमी होतो, धक्का कमी बसतो आणि क्लिक करतानाही समोरचं दिसत राहतं. मंद प्रकाशात, वाइड लेन्सने, माणसांच्या जवळपास राहून काम करायचं असेल तर यासारखा कॅमेरा नाही. पण फुलं, किडे, पक्षी, खेळ यांत रस असेल तर एसएलआरच घ्या. लायकाच्या एम माउंटच्या (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची जागा) बहुतेक लेन्स ०.७ मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाहीत, जुन्या स्क्रू माउंटच्या तर १ मीटरलाच थांबतात. १३५ मिमीच्या पुढे या प्रकारात जाण्यात अर्थ नाही, आणि खरं सांगायचं तर ९० मिमीलाच दमछाक सुरू होते.

एक सापळा इथेच सांगतो. रोलाय ३५ आणि ऑलिंपस ट्रिप ३५ दिसायला या कुळातले वाटतात आणि विक्रेतेही बिनदिक्कत ‘रेंजफाइंडर’ म्हणून विकतात. दोन्हींत पॅच नाही, अंतर अंदाजाने लावावं लागतं. कॉन्टॅक्स जी १ आणि जी २ हे ऑटोफोकस आहेत. कॅमेरे चांगलेच आहेत, पण पॅच जुळवून फोकस करायची मजा हवी असेल तर ती तिथे मिळणार नाही.

२. फोकल लेंग्थ ठरवा

आधीपासून कोणताही कॅमेरा वापरत असाल तर तुमचे आवडते शंभरेक फोटो निवडून त्यांची फोकल लेंग्थ तपासा, म्हणजे लेन्सचा मिमीमधला आकडा; तो जितका लहान तितकं दृश्य रुंद. मनातली आवड आणि प्रत्यक्षातली सवय यांत बरंच अंतर निघतं. फोन वापरणाऱ्यांना २४ ते २८ मिमीच्या आसपासची नजर आपोआप लागलेली असते, कारण बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा तिथेच असतो.

एकाच लेन्सवर सुरुवात करायची असेल तर ३५ मिमी. कारण साधं आहे. एफ ८ ला ३ मीटरवर फोकस ठेवून दिलात तर साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ५ मीटरवर ठेवलात तर अडीच-पावणेतीन मीटरपासून पार क्षितिजापर्यंत. म्हणजे उजेडात पॅचकडे न बघताही काम होतं. ५० मिमीला अशी मोकळीक नाही. एफ २ ला १ मीटरवर जेमतेम ४-५ सेंटिमीटर पट्टा स्पष्ट राहतो. नाकावर फोकस गेला की कान गेलेच. पण माणसांचे जवळून फोटो काढणाऱ्याला ५० मिमीच मानवते. त्यात चूक-बरोबर काही नाही.

३. व्ह्यूफाइंडर: इथे घाई करू नका

व्ह्यूफाइंडरच्या बाबतीत तीन गोष्टी बघायच्या: चौकटी कोणत्या, मॅग्निफिकेशन (नुसत्या डोळ्याच्या तुलनेत खिडकीत किती मोठं दिसतं) किती आणि फोकसची अचूकता किती.

लायका एम ३ (१९५४) मध्ये ५०, ९० आणि १३५ मिमीच्या चौकटी आहेत, मॅग्निफिकेशन ०.९१. जवळजवळ डोळ्याला दिसतं तेवढंच मोठं दिसतं, ५० मिमीसाठी यापेक्षा सुंदर खिडकी मी पाहिली नाही. पण ३५ मिमीची चौकटच नाही. त्यासाठी लायकाने ‘गॉगल’ (खिडक्यांपुढे येणारी जादा भिंगं) लावलेल्या खास ३५ मिमी लेन्स काढल्या, त्या जड आणि बोजड आहेत. ३५ वाल्यांसाठी एम २ आला: ३५, ५०, ९० आणि मॅग्निफिकेशन ०.७२. एम ६ (१९८४) मध्ये चौकटी जोडीने दिसतात: २८ आणि ९०, ३५ आणि १३५, ५० आणि ७५. सुरुवातीला ही गर्दी डोळ्यांत खुपते, मग सवय होते.

कॅनन पी मध्ये मॅग्निफिकेशन पूर्ण १, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं. ३५, ५० आणि १०० च्या चौकटी मात्र कायम एकदम दिसतात. फोग्टलँडर बेसा आर ३ ए मध्येही मॅग्निफिकेशन १ आहे आणि ४० मिमीची चौकट आहे. बेसा आर ४ वाइडवाल्यांचा: २१ पासून ५० पर्यंत.

चष्मा असेल तर हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. चष्म्यामुळे डोळा खिडकीपासून लांब राहतो आणि बाहेरच्या चौकटी दिसतच नाहीत. ०.७२ च्या लायकात चष्मेवाल्याला २८ ची चौकट सहसा पूर्ण दिसत नाही. एम ६ टीटीएल आणि एम ७ हे ०.५८ मॅग्निफिकेशनमध्येही निघाले होते. ते किंवा बेसा आर ४ बघा. शक्य असेल तर विकत घेण्याआधी स्वतःच्या चष्म्यातून बघाच. दुसऱ्याचं मत इथे कुचकामी आहे.

आता अचूकता. पॅचमधल्या दोन प्रतिमा ज्या दोन खिडक्यांतून येतात त्यांच्यातलं अंतर गुणिले मॅग्निफिकेशन, हा आकडा जितका मोठा तितका फोकस नेमका. एम ३ मध्ये तो सुमारे ६२ मिमी, ०.७२ च्या एम मध्ये ५०, झाइस आयकॉनमध्ये ५५, बेसा आर ३ ए मध्ये ३७, बेसा आर २ ए मध्ये २६ आणि छोट्या लायका सीएलमध्ये जेमतेम १९. ३५ मिमी एफ २.५ ला १९ सुद्धा पुरतात. ५० मिमी एफ १.४ किंवा ९० मिमी एफ २ उघड्या अपर्चरला वापरणार असाल तर ५० च्या खाली उतरू नका.

आणि चौकट म्हणजे कात्रीने कापल्यासारखी सीमा नव्हे. जुन्या एम मधल्या चौकटी साधारण १ मीटर अंतरासाठी आखलेल्या आहेत. दूरचं दृश्य घेतलंत की चौकटीबाहेरचंही थोडं फिल्मवर येतं. कडेकडेने काटेकोर रचना करणाऱ्यांना याचा फार त्रास होतो. मला होत नाही.

४. माउंट समजून घ्या

मुख्य दोन: ३९ मिमी स्क्रू माउंट, ज्याला एलटीएम म्हणतात, आणि १९५४ पासूनचा लायका एम माउंट. स्क्रू लेन्स साध्या ॲडॅप्टरने एम बॉडीवर बसते आणि फोकसही जोडलेलाच राहतो. उलट होत नाही: एम लेन्स स्क्रू बॉडीवर बसत नाही. म्हणून शंका असेल तर बॉडी एम माउंटची घ्या, दोन्ही दारं उघडी राहतात.

ॲडॅप्टर घेताना तो कोणत्या चौकटीचा आहे ते विचारा. २८/९०, ३५/१३५ आणि ५०/७५ असे तीन प्रकार मिळतात. ३५ च्या लेन्सला ५०/७५ चा लावला तर फोटो ठीक येईल, पण चौकट चुकीची दिसेल.

निकॉनचे एस मालिकेतले रेंजफाइंडर, जुने कॉन्टॅक्स आणि कीव्ह यांचे माउंट वेगळे आहेत. सुंदर कॅमेरे आहेत. दुसरा कॅमेरा म्हणून घ्या.

५. बॉडी

लेन्स बदलायची नसेल तर इथेच थांबून फिक्स्ड लेन्सचा कॅमेरा घ्या, निम्मा गुंता सुटतो. कॅननेट क्यूएल १७ जी ३ मध्ये ४० मिमी एफ १.७ लेन्स आहे, आकार छोटा, काम चोख. पण मॅन्युअलवर गेलात की उजेड मोजणारा मीटर बंद होतो. याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये ४५ मिमी एफ १.७, तुम्ही अपर्चर द्या, शटर तो ठरवतो. त्याच्या आत एक रबरी पॅड असतो, तो काळाने झिजून जातो. फिल्म पुढे नेणारा लीव्हर ओढताना ‘खट्’ असा ठळक आवाज यायला हवा. नुसताच गुळगुळीत फिरला तर पॅड गेला, आणि मग एक्स्पोजरवर भरवसा ठेवू नका. खिशात मावेल असा हवा असेल तर ऑलिंपस एक्सए: ३५ मिमी एफ २.८, पॅच इवलासा, पण खराखुरा रेंजफाइंडर.

कॅननेटसारख्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता बनत नाही. १.५ व्होल्टची अल्कलाइन बसते, पण मीटर जास्त उजेड दाखवतो आणि फोटो अंडर, म्हणजे काळपट, जातात. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी बारीक रिंग लावून बसवा. व्होल्टेज जवळपास तेवढंच मिळतं. ती महिन्या-दोन महिन्यांत संपते, तेवढं चालवून घ्या.

लेन्स बदलणाऱ्या बॉडीत पहिला प्रश्न: बॅटरीशिवाय चालायला हवा का? एम २, एम ३, एम ४ मध्ये मीटरच नाही. एम ६ ला बॅटरी फक्त मीटरसाठी लागते. एम ७ बॅटरी संपली की १/६० आणि १/१२५ या दोनच स्पीडवर चालतो. बेसाच्या नावाच्या शेवटी एम असेल तर तो यांत्रिक, ए असेल तर बॅटरीवर. झाइस आयकॉन, मिनोल्टा सीएलई आणि कोनिका हेक्सार आरएफ बॅटरी संपली की ठप्प. त्यांतही सीएलई आणि हेक्सार यांच्या सर्किटचे सुटे भाग मिळणं कठीण आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा एम दुरुस्त करणारा माणूस सापडतो, त्याच्यानंतरचं सर्किट दुरुस्त करणारा सापडत नाही. म्हणून नवख्याला मी यांत्रिकच सांगतो.

सोव्हिएत झोर्की आणि फेड यांची भुरळ सगळ्यांनाच पडते. घ्या, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. झोर्की ४ मध्ये शटर स्पीड नेहमी फिल्म पुढे नेऊन शटर चढवल्यावरच बदलायचा; आधी बदललात तर आतली यंत्रणा बिघडू शकते. दुसरं, सोनेरी मुलामा आणि लष्करी चिन्हं असलेले ‘दुर्मिळ लायका’ दिसले तर लेन्स काढून आत बघा. लेन्सच्या मागच्या कडेला टेकणारा फोकसचा भाग लायकात गोल चाक असतो, फेड आणि झोर्कीत पाचरीसारखी जीभ. जीभ दिसली की समजा, हा वेषांतर केलेला फेड किंवा झोर्की आहे.

६. लेन्स

इथे थोडक्यात सांगतो, कारण बिघडलेली नसेल तर वाईट लेन्स या प्रकारात फारशी नाहीच. पहिली लेन्स म्हणून फोग्टलँडर कलर-स्कोपार ३५ मिमी एफ २.५ किंवा झाइस सी बायोगॉन ३५ मिमी एफ २.८ घ्या. दोन्ही छोट्या आहेत, व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात कमी घुसतात. मोठ्या अपर्चरच्या जाड लेन्स चौकटीचा उजवा खालचा कोपरा झाकतात, ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. ५० साठी झाइस प्लॅनार एफ २ किंवा जुना समिक्रॉन. सी सॉनार ५० मिमी एफ १.५ चं रूप मोहक आहे, पण अपर्चर बदललं की तिचा फोकस सरकतो. पहिली लेन्स म्हणून नको.

ज्युपिटर ८ आणि इंडस्टार ६१ स्वस्तात मिळतात. सोव्हिएत लेन्सचं फोकसचं प्रमाण लायकाच्या प्रमाणाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून लायका किंवा कॅननवर त्या जवळच्या अंतरावर, पूर्ण उघड्या अपर्चरला चुकू शकतात. एफ ५.६ च्या पुढे फरक जाणवत नाही. आत दुमडणाऱ्या जुन्या लेन्स सीएल, सीएलई, एम ५ आणि बेसावर आत ढकलू नका, आतल्या भागांना लागतात.

७. हातात घेऊन तपासणी

बरोबर न्या: लहान प्रखर टॉर्च, बाद झालेला एक रोल, मोजपट्टी, योग्य बॅटरी आणि मऊ कापड.

पॅच: आधी बऱ्याच लांबची उभी वस्तू बघा, मनोरा किंवा उंच इमारतीची कड. लेन्स अनंतावर नेली की प्रतिमा एकजीव व्हायला हव्यात. बाजूला सरकलेल्या असतील तर जुळवणी हवी, ती सोपी असते. वर-खाली सरकलेल्या असतील तर कॅमेरा बहुधा कधीतरी पडलेला आहे. मग मोजपट्टीने १ मीटर मोजून जवळची जुळवणी तपासा. पॅच फिकट असेल तर किंमत पाडून मागा. आतल्या काचेचा मुलामा गेला असेल तर दुरुस्ती महाग पडते. थोडासाच फिकट असेल तर समोरच्या मोठ्या खिडकीच्या मधोमध काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून बघा, पॅच उठून दिसतो.

शटर: लेन्स काढा, पाठ उघडा, १ सेकंदावर सोडा. आतून घरघर सलग यायला हवी; मध्येच अडखळली तर सर्व्हिस आली. मग १/१००० वर उजळ भिंतीसमोर धरून बघा. एका कडेला अंधार दिसला तर शटरचे पडदे नीट पळत नाहीत. कापडी पडद्याला बारीक भोकं असू शकतात, कारण आरसा नसल्याने उन्हात ठेवलेल्या कॅमेऱ्यात लेन्स सूर्य थेट पडद्यावर केंद्रित करते, आणि पडदा भिंगाखालच्या कागदासारखा जळतो. अंधारात समोरून टॉर्च मारून मागून बघा: एकदा लीव्हर ओढण्याआधी, एकदा ओढल्यावर, कारण दोन्ही वेळा वेगळा पडदा समोर असतो. कॅननच्या धातूच्या पडद्यावर सुरकुत्या दिसतील; बहुतेक वेळा त्यांनी काही बिघडत नाही.

लेन्स: अपर्चर पूर्ण उघडा, टॉर्च तिरकी मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे फंगस, सोडून द्या. सगळीकडे पांढुरकं धुकं म्हणजे हेझ, ते बऱ्याचदा साफ होतं, पण काच खरवडली गेली असेल तर डाग राहतात. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा मी मनावर घेत नाही. मागच्या काचेवरचा घेतो. फिक्स्ड लेन्सच्या कॅमेऱ्यात शटरच्या पात्यांवर तेल दिसलं तर शटर चिकटणार हे नक्की.

शेवटी बाद रोल घालून दहा-बारा वेळा लीव्हर ओढा. प्रत्येक वेळी रिवाइंडची कळ फिरायला हवी.

‘सर्व्हिस केलेला आहे’ यावर विसंबू नका. कधी केली, कुणी केली, पावती आहे का, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर सर्व्हिसचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा.

८. पहिला रोल

महाग फिल्म वापरू नका. आयएसओ ४०० ची ब्लॅक अँड व्हाइट पुरे. मीटर नसेल तर उन्हात एफ १६ ला फिल्मच्या आयएसओच्या जवळचा स्पीड, म्हणजे १/५००; बाकी वेळी फोनवरचं मीटर ॲप.

लेन्सची टोपी! व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं लख्ख दिसत असतं आणि टोपी लेन्सवरच असते. टोपी घरी ठेवा, साधा यूव्ही फिल्टर आणि हूड लावून फिरा.

रोलमधल्या सहा फ्रेम तपासणीसाठी राखा. मोजपट्टी तिरकी ठेवून मधल्या एका आकड्यावर फोकस करून, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून १ मीटरवर दोन, ३ मीटरवर एखाद्या उभ्या वस्तूचे दोन आणि अनंतावर दोन. प्रत्येक फ्रेमचं अंतर, अपर्चर आणि स्पीड वहीत लिहा. नाहीतर निगेटिव्ह हातात आल्यावर काहीच कळत नाही.

निगेटिव्ह भिंगाखाली बघताना दोष असे वाटा. प्रत्येक फ्रेमवर एकाच जागी काळा ठिपका असेल तर पडद्याला भोक आहे. फ्रेमच्या कडेला काळे ओघळ असतील तर पाठीचा फोम गेला आहे. तो घरीही बदलता येतो. मोजपट्टीवर फोकस पुढे-मागे गेला असेल तर लगेच बॉडी उघडायला देऊ नका. दुसरी एखादी लेन्स मागून आणा, तेच सहा फोटो परत काढा. दोन्ही लेन्स एकाच बाजूला चुकल्या तर बॉडीची जुळवणी करून घ्या. एकच चुकली तर ती लेन्स परत करा, आणि परतीची मुदत किती दिवसांची आहे हे सौदा करतानाच विचारून ठेवा.